टोकावे की गप्प बसावे?

१९८९ च्या रेल्वे कायद्याचे १६७ वे कलम धूम्रपानाविषयी आहे. त्याची सुरुवात आज वाचताना गंमत वाटते. डब्यातील दुसऱ्या कुणा प्रवाशाने हरकत घेतली, तर कोणीही तेथे धूम्रपान करू नये, असे ते सांगते. म्हणजे आधी हरकत, मग मनाई. त्याच कलमात पुढे रेल्वेला सरसकट बंदी घालण्याचा अधिकार दिला आहे आणि २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर वेगळी बंदीही घातली. पण ते पहिले वाक्य लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कसला डबा होता, याची कल्पना करता येते. एकाने सिगारेट पेटवली, समोरचा ‘धुराचा त्रास होतो हो’ म्हणाला, पहिल्याने ती विझवली. विषय संपला.

आजच्या डब्यात विषय इतक्या सहज संपत नाही. कानात काही न घालता, आवाज मोठा ठेवून एकामागून एक रील पाहणारा तरुण असतो. समोरच्या बाकावर बुटांसकट पाय पसरलेले गृहस्थ असतात. घरातली सगळी भांडणे व्हिडिओ कॉलवर मिटवणाऱ्या बाई असतात. डब्याबाहेर पडावे तर जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी, तिकिटाच्या रांगेत ‘फक्त एकच विचारायचंय’ म्हणून पुढे घुसणारा, सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून हॉर्न, सोसायटीच्या फाटकासमोर आडवी लावलेली गाडी. यातल्या बऱ्याच गोष्टींना कुठे ना कुठे नियम आहे, पाटीही आहे. पण पाटी बोलत नाही. बोलायचे असते कोणा तरी माणसाने, आणि त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब सुरू असतो. बोलू का? बोललो आणि तो अंगावर आला तर?

हा प्रश्न आपल्याकडे धाडसाचा किंवा संस्कारांचा मानला जातो. ‘कशाला नसती उठाठेव’ म्हणणारे एका बाजूला, ‘कोणी बोलतच नाही म्हणून हे माजलेत’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मानसशास्त्रज्ञांनी मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत या हिशेबाचे अनेक तुकडे वेगवेगळे काढून तपासले आहेत. त्यातून दिसते ते असे, की साध्या विनंतीचा धोका माणसे फार मोठा धरतात आणि धोका जिथे खरा असतो तिथे मात्र रागाच्या भरात तो विसरतात. दोन्हीकडे नुकसान त्यांचेच होते.

न दाबलेले बटण

गप्प बसणे फुकट असते, हा पहिला गैरसमज. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस शहरी गोंगाटावर प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी एक कर्कश ध्वनिफीत तयार केली. तिच्यात स्पॅनिशमध्ये बोलणारी दोन माणसे होती, आर्मेनियन बोलणारा एक होता, शिवाय टंकलेखन यंत्र, हिशेबाचे यंत्र आणि प्रती काढण्याचे यंत्र, सगळे एकावर एक. हा गलका ऐकत लोकांनी कामे केली आणि ती बऱ्यापैकी जमलीही. माणूस आवाजाला सरावतो, एवढाच निष्कर्ष निघाला असता. खरा फरक आवाज बंद झाल्यावर दिसला. त्यानंतर दिलेल्या कामात, म्हणजे मजकुरातील चुका शोधणे किंवा मुळात सुटणारच नाही असे कोडे सोडवत राहणे यात, गोंगाट सोसलेली माणसे लवकर हात टेकत होती.

प्रयोगातली खरी युक्ती पुढची आहे. काही जणांना सांगितले गेले, की तुमच्यासमोर हे बटण आहे, ते दाबले की आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. त्यांतल्या बहुतेकांनी ते दाबले नाही. त्यांनी इतरांएवढाच आवाज तेवढाच वेळ ऐकला. तरीही नंतरच्या कामात ती माणसे कितीतरी अधिक चिकाटीने टिकून राहिली. त्रास आवाजाचा होताच, पण त्याहून जास्त होता तो ‘आपल्या हातात काहीच नाही’ या जाणिवेचा.

लोकलच्या प्रवासातला चिडचिडेपणा या प्रयोगाने बराच उलगडतो. फोनवरचे बोलणे एरवीच्या गप्पांपेक्षा जास्त खुपते, याचे कारण २०१० साली कॉर्नेल विद्यापीठात शोधले गेले. एकच बाजू ऐकू आली की मेंदू दुसरी बाजू भरून काढत बसतो, त्यामुळे लक्ष हटवता येत नाही. पण डब्यातून उतरल्यावरही जो तासभर डोक्यात घुमत राहतो तो सहसा आवाज नसतो. ‘आपण बोललो का नाही’ हा प्रश्न असतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग ऑफिसात पोचल्यावर सुचलेली एकाहून एक झणझणीत उत्तरे मनातल्या मनात दिली जातात आणि शिपायावर किंवा घरी मुलांवर उगाच आवाज चढतो.

अशी उत्तरे ऐनवेळी का सुचत नाहीत? जूली वुडझिका आणि मॅरियान लाफ्रान्स या दोन संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. नोकरीच्या मुलाखतीत एखाद्या पुरुषाने तुम्हाला आक्षेपार्ह, लैंगिक सूचना असलेले प्रश्न विचारले तर काय कराल, असे त्यांनी तरुणींना विचारले. आम्हाला संताप येईल, असे अनेकींना वाटले. किमान एका तरी प्रश्नाचे उत्तर आम्ही देणारच नाही, असे सुमारे दोनतृतीयांश जणी म्हणाल्या. मग दुसऱ्या तरुणींना, नोकरीच्या खऱ्या मुलाखतीला आलो आहोत अशा समजुतीत, तेच प्रश्न प्रत्यक्ष विचारले गेले. एकीनेही उत्तर नाकारले नाही. त्यांना वाटलेली भावना प्रामुख्याने संतापाची नव्हती, भीतीची होती.

लांबून पाहणाऱ्याला संताप येतो, समोर उभे असलेल्याला भीती वाटते. हे भित्रेपण नव्हे. अनपेक्षित प्रसंगात शरीर आधी धोका जोखते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते आणि शब्द शोधणारा मेंदूचा भाग त्या गडबडीत मागे पडतो. ‘मी असतो तर चांगला सुनावला असता’ असे म्हणणाऱ्यांनी, विशेषतः छेडछाड झालेल्या मुलीला ‘तू तेव्हाच का नाही बोललीस’ असे विचारणाऱ्यांनी, हा अभ्यास लक्षात ठेवलेला बरा.

सासूबाईंची तक्रार आणि न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे

साध्या विनंतीला लोक कसा प्रतिसाद देतात, हे पाहण्यासाठी स्टॅनले मिलग्रॅम यांनी केलेला प्रयोग आता पन्नास वर्षांचा झाला, पण त्याची गोडी कमी झालेली नाही. मिलग्रॅम हे आज्ञाधारकपणावरील विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगामुळे जगभर गाजलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या सासूबाई एकदा कुरकुरल्या, की हल्ली भुयारी रेल्वेत तरुण मुले म्हाताऱ्या बाईला उठून जागा देत नाहीत. जावयाने विचारले, ‘तुम्ही मागितली होती का?’ सासूबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांना वेडच लागले आहे.

यातून मिलग्रॅम यांना कल्पना सुचली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, की भुयारी रेल्वेत जा आणि बसलेल्या अनोळखी माणसाला कोणतेही कारण न देता म्हणा, ‘माफ करा, मला तुमची जागा मिळेल का?’ विद्यार्थी हादरले. न्यूयॉर्कसारख्या शहरात असे विचारले तर मार खाऊ, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात ६८ टक्के लोक उठले किंवा सरकून त्यांनी जागा करून दिली. कुणी मारले नाही.

गंमत यापुढे आहे. विद्यार्थी फारच कुरकुरतात म्हणून मिलग्रॅम स्वतः गेले. एका प्रवाशापुढे उभे राहिले आणि शब्द घशातच अडकले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. अखेर कसेबसे विचारले, समोरचा उठला आणि मिलग्रॅम त्या जागेवर बसले, तेव्हा आपली मागणी रास्त होती हे दाखवण्यासाठी त्यांना आजारी असल्याचे सोंग आणावेसे वाटले. मान खाली गेली, चेहरा पांढरा पडल्यासारखे त्यांना जाणवले. इतरांना धक्के देण्याविषयीचा तो प्रसिद्ध प्रयोग करणारा माणूस, एक जागा मागताना गलितगात्र झाला. अनोळखी माणसाशी बोलून रीत मोडायची, तर शरीर केवढा विरोध करते याचा हा उत्तम दाखला आहे. आणि ती भीती समोरच्याच्या वागण्याशी जुळत नव्हती, कारण समोरचा निमूटपणे उठला होता.

हा अंदाज किती चुकतो तेही मोजले गेले आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यायला किंवा त्यांचा फोन क्षणभर मागायला पाठवले. किती जणांना विचारावे लागेल, असे आधी विचारले तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा सुमारे दुप्पट निघाला. मागणारा नकाराचा विचार करतो, पण तोंडावर ‘नाही’ म्हणणे समोरच्यालाही तितकेच जड जाते, हे त्याच्या लक्षात येत नाही. ‘दादा, आवाज जरा कमी करता का?’ असे विचारल्यावर बहुतेक माणसे ओशाळून आवाज कमी करतात. काही तर ‘सॉरी, लक्षातच नव्हतं’ म्हणतात, आणि ते खरेही असते.

रांगेतल्या मधल्या माणसाची गोष्ट

मिलग्रॅम यांचा दुसरा, कमी गाजलेला प्रयोग आपल्याकडच्या कोणत्याही तिकीट खिडकीला लागू पडावा असा आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या साथीदारांनी न्यूयॉर्कमधील १२९ रांगांमध्ये मुद्दाम घुसखोरी केली. ‘माफ करा, मला इथे उभे राहायचे आहे’ असे म्हणायचे आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या मध्ये शिरायचे. एकच घुसखोर असेल तर सुमारे निम्म्या रांगांत कोणी तरी हरकत घेतली. दोन घुसले तर दहापैकी नऊ रांगांत आवाज उठला. म्हणजे अन्याय मोठा झाला की माणसे बोलतात. इथवर अपेक्षितच.

पण संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. घुसखोराच्या बरोबर मागे त्यांचाच एखादा साथीदार आधीपासून उभा असे. त्याने काही बोलायचे नाही, नुसते गप्प राहायचे. अशी दोन गप्प माणसे मागे असली, की एकट्या घुसखोराला हरकत घेणाऱ्या रांगांचे प्रमाण पाच टक्क्यांवर आले. घुसखोर तोच, अन्याय तेवढाच, तरी रांग मुकी झाली. मागच्यांनी मनात हिशेब केला असणार, की ज्याची जागा सर्वांत आधी गेली त्यालाच चालते आहे, मग आपण कशाला?

मोठ्याने वाजणाऱ्या रीलच्या डब्यात नेमके हेच होत असते. शेजारी बसलेला बोलत नाही म्हणजे त्याला त्रास होत नाही, असा अर्थ समोरचा काढतो. त्याच वेळी शेजाऱ्याला वाटत असते, की समोरचे सगळे शांत आहेत, आपल्यालाच जास्त खुपते आहे. वीस माणसे मनातून वैतागलेली असतात आणि प्रत्येक जण इतर एकोणीस जणांच्या शांततेकडे पाहून गप्प बसतो. रील वाजवणाऱ्याला तर यातले काहीच कळत नाही. तो आपला निवांत.

म्हणून पहिल्यापेक्षा दुसऱ्या माणसाला महत्त्व आहे. एकाने विनंती केल्यावर शेजारच्याने ‘हो ना, जरा कमी करा’ एवढे म्हटले तरी प्रसंगाचा रंग बदलतो. तो आता एका चिडक्या माणसाचा प्रश्न राहत नाही. ज्याला स्वतः सुरुवात करणे जमत नाही, त्याला ही दुसरी जागा नक्की घेता येते.

एखाद्याला थेट नेमून दिले तर माणसे किती जबाबदारीने वागतात, हे थॉमस मोरियार्टी यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर दाखवले. वाळूत रेडिओ ठेवून एक जण निघून जायचा, मग ‘चोर’ येऊन तो उचलायचा. शेजाऱ्याला आधी काही सांगितले नसेल तर वीस टक्के लोकच हटकत. ‘जरा लक्ष ठेवाल का’ असे विचारून गेले तर ९५ टक्के. बाकी सगळे तेच, फरक त्या एका वाक्याचा.

कोणाला टोकतो आपण?

इथे एक अडचणीचा मुद्दा आहे, आणि तो प्रयोगांपेक्षा रस्त्यावर जास्त दिसतो. आपल्याकडे टोकणे बहुधा वरून खाली वाहते. फाटकासमोर हातगाडी लावणाऱ्या भाजीवाल्याला दहा जण सुनावतात, तिथेच उभ्या केलेल्या मोठ्या गाडीच्या मालकाला कोणी ब्र काढून विचारत नाही. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात चढलेल्या कामगाराच्या पिशवीवरून कटकट होते, वातानुकूलित डब्यात बैठक चालू असल्यासारखे फोनवर ओरडणाऱ्या साहेबांकडे नुसते पाहिले जाते. ‘मी अन्याय सहन करत नाही’ असे म्हणणाऱ्याने आपण गेल्या वर्षभरात कोणाकोणाला सुनावले याची मनातल्या मनात यादी केली, तर ती बोलकी ठरेल.

दुसरी अडचण समोरच्याच्या मनाविषयीच्या आपल्या अंदाजाची. स्वतः रांग मोडली तर ‘घाई होती’, दुसऱ्याने मोडली तर ‘माणूसच उर्मट’, असे आपले गणित असते. मानसशास्त्रात याला नाव आहे आणि त्यावर ढीगभर संशोधनही आहे, पण त्यातला एक साधा वैद्यकीय भाग क्वचितच बोलला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठी ओलांडलेल्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना कामकाजात अडथळा येईल इतका बहिरेपणा असतो. डब्यात फोन कानापासून दूर धरून मोठ्याने बोलणारे, बातम्या पूर्ण आवाजात लावणारे आजोबा बेपर्वा असतीलच असे नाही. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे खरोखर कळत नसते. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती, स्वमग्न मूल, मानसिक आजारातून जाणारा प्रवासी, यांचे वागणेही बाहेरून ‘बेशिस्त’ दिसू शकते. विनंतीच्या सुरात बोलण्याचा हा एक मोठा फायदा. अंदाज चुकला तरी कोणाचा अपमान होत नाही.

राग काढल्याने राग जात नाही

मग बोलताना बिघडते कुठे? बहुतेक वेळा उशिरात. पहिल्या मिनिटाला जे वाक्य ‘जरा आवाज कमी करता का’ असे निघाले असते, तेच विसाव्या मिनिटाला ‘काही लाजबीज आहे की नाही?’ होऊन बाहेर पडते. तोवर मनात खटला चालून निकालही लागलेला असतो. समोरच्याच्या दृष्टीने मात्र ही पहिलीच सूचना असते आणि ती थेट शिक्षेच्या रूपात आलेली असते. तोही मग सर्वांदेखत माघार घेऊ शकत नाही. ‘गाडी तुमच्या बापाची आहे का?’ हे वाक्य याच टप्प्यावर येते.

‘एकदा सुनावले की मन मोकळे होते’ ही समजूतही तपासली गेली आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधील प्रयोगात चिडवलेल्या माणसांना गुद्दे मारण्याची पिशवी दिली आणि चिडवणाऱ्याचा चेहरा आठवत गुद्दे मारायला सांगितले. त्यांचा राग कमी झाला नाही. उलट काहीच न करता दोन मिनिटे शांत बसलेल्यांपेक्षा ते अधिक चिडलेले आणि अधिक आक्रमक राहिले. राग ही वाफ नाही, की झाकण उघडले आणि निघून गेली.

हृदयविकार असलेल्यांसाठी तर हा केवळ शिष्टाचाराचा विषय नाही. संतापाचा झटका आल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा जवळजवळ पाचपट होतो, असे २०१४ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. एखाद्या निरोगी माणसासाठी हा धोका मुळात अगदी लहान असल्यामुळे पाचपट होऊनही लहानच राहतो. पण आधीच रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या आणि दिवसातून चारदा कोणावर तरी भडकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती बेरीज वाढत जाते. पार्किंगच्या भांडणानंतर घरी येऊन छातीत दुखत असेल तर ते ‘रागामुळे होतंय’ म्हणून पाणी पिऊन झोपू नये. डॉक्टरांना गाठावे.

विनंती कशी करावी याविषयी दोन गोष्टी संशोधनातून पक्क्या सांगता येतात. माणसाला आपले स्वातंत्र्य हिरावले जाते आहे असे वाटले, की तो मुद्दाम उलट वागतो. फ्रान्समध्ये निकोला गेगाँ आणि अलेक्झांद्र पास्कुआल यांनी २००० मध्ये दाखवले, की रस्त्यावर बसभाड्यासाठी सुटे पैसे मागताना ‘देणे न देणे तुमच्या मर्जीवर आहे’ एवढे जोडले, तर पैसे देणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवरून जवळपास ४७ टक्क्यांवर गेले. मराठीत ‘जमलं तर’, ‘हरकत नसेल तर’ हे शब्द यासाठीच आहेत. दुसरी गोष्ट, नियमाऐवजी स्वतःची अडचण सांगावी. ‘इथे मोठ्याने बोलायला मनाई आहे’ याला वाद घालता येतो, ‘माझं डोकं दुखतंय हो’ याला घालता येत नाही. दादा, ताई, काका, मावशी ही आपल्याकडची हाताशी असलेली नाती यात फार कामी येतात. फक्त ‘काकू’ कोणाला म्हणायचे याचा अंदाज चुकला, तर मूळ विषय बाजूला राहून भलतेच भांडण सुरू होते, एवढी एक जोखीम आहे.

जिथे एकट्याने जायचे नाही

आतापर्यंतचे सगळे बेपर्वा माणसांविषयी झाले. बेपर्वा आणि घातक यांत फरक आहे, आणि तो ओळखणे हाच या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरीच्या अंबोली भागात मित्रमैत्रिणींचा एक गट जेवून बाहेर पडला होता. काही जणांनी त्यांतल्या मुलींची छेड काढली. गटातल्या तरुणांनी त्यांना हटकले, बाचाबाची झाली. छेड काढणारा निघून गेला आणि साथीदार व शस्त्रे घेऊन परत आला. चाकूच्या वारांनी एक तरुण त्याच रात्री गेला, दुसरा काही दिवसांनी रुग्णालयात. मे २०१६ मध्ये न्यायालयाने चौघांना जन्मठेप सुनावली. त्या तरुणांनी हटकले यात चूक काहीच नव्हते. मात्र मुंबईत त्यानंतर कितीतरी आईवडिलांनी मुलांना ‘कोणाच्या मध्ये पडू नका’ असे बजावले, त्यामागे हीच घटना होती आणि त्यांना नावे ठेवता येणार नाहीत.

त्या रात्रीच्या तपशिलात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाद संपल्यासारखा वाटला तेव्हा धोका संपला नव्हता. अपमान घेऊन गेलेला माणूस परत येऊ शकतो. म्हणून वाद झाला आणि समोरचा धमकी देऊन गेला, तर त्याच जागी थांबू नये. समोर टोळके असेल, कोणाच्या हातात काही असेल, जागा निर्जन असेल किंवा बाहेर पडायची वाट समोरच्याच्या मागे असेल, तर बोलायचे नाही. दारू प्यायलेल्या माणसाशी वाद घालण्यातही अर्थ नसतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये मांडल्याप्रमाणे दारूमुळे माणसाचे लक्ष डोळ्यांपुढच्या गोष्टीवर आखडते. झालेला अपमान दिसतो, उद्याची कोठडी दिसत नाही.

याचा अर्थ पाठ फिरवून चालू लागायचे असा नाही. गर्दीत कोणीच मदतीला येत नाही, ही जुनी समजूतही अलीकडे सैल झाली आहे. रिचर्ड फिल्पॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधील लँकेस्टर येथील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एका अनोळखी माणसाने मदतीसाठी काही ना काही केले होते आणि आसपास माणसे जितकी जास्त, तितकी मदतीची शक्यता वाढत होती. प्रत्यक्ष भांडण दिसल्यावर माणसे पुढे येतात. न बोललेल्या कुरबुरीवर ती गप्प बसतात.

पुढे यायचे कसे, हे जर्मनीत नागरिकांना रीतसर शिकवले जाते. तिथल्या पोलिसांच्या मोहिमेतील सूचना साध्या आहेत. स्वतःला धोक्यात घालू नका, आजूबाजूच्यांना नेमके सांगून सोबत घ्या, पोलिसांना कळवा, हल्लेखोराची वर्णने लक्षात ठेवा, पीडिताकडे लक्ष द्या, साक्षीला तयार राहा. हल्लेखोराशी हुज्जत घालत बसण्याऐवजी ज्याला त्रास होतो आहे त्याच्याशी बोला, असाही सल्ला दिला जातो. लोकलमध्ये एखाद्या मुलीला कोणी त्रास देत असेल तर ‘अगं, तू इथे? ये, बस माझ्याजवळ’ म्हणत तिला बाजूला घेणारी बाई हेच करत असते, आणि ती कोणत्याही वर्गाला न जाता करते. सूचनांमधली एक बाब मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. हल्लेखोराला ‘तू’ म्हणू नका, ‘तुम्ही’ म्हणा, असे तिथे सांगतात. कारण आदरार्थी बोलणे ऐकले, की आसपासच्यांना कळते की हे दोघे अनोळखी आहेत, हा घरगुती मामला नाही. आपल्याकडे त्याचा आणखी एक उपयोग आहे. भांडण ‘अहो’वरून ‘अरे’वर घसरले की पुढची पायरी हात उगारण्याची असते, हे कोणत्याही नाक्यावर पाहायला मिळते.

स्वतः बोलायचे नाही असे ठरले, तर यंत्रणेला बोलू द्यायचे. रेल्वेत १३९ आणि इतरत्र ११२ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. पण इथेही भीती आड येते, कारण तक्रार करणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचे असते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तरीही मंडळाच्या कार्यकर्त्यांना जाऊन सांगणार कोण? पोलिसांकडे गेल्यावर तासाभरात आपले नाव मंडपात पोचेल, ही धास्ती अनेकांना गप्प बसवते. कुर्ल्यातील रहिवासी संघटनांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला, तेव्हा नेमकी हीच धास्ती विचारात घेतली. ध्वनिक्षेपकाची तक्रार आली तर पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी, असे न्यायालयाने बजावले. कारवाईचा क्रमही सांगितला. पहिल्यांदा समज, पुन्हा तक्रार आली तर दंड, त्यानंतरही तेच चालू राहिले तर ध्वनिक्षेपक जप्त.